वीराचा तेजोवध

'सुपरहिरो' हा शब्द आपल्या साहित्य मंडळांतून उच्चारला की श्रोत्यांच्या मुद्रेवर एक क्षमाशील स्मित उमटते. नातवंडांच्या खोलीत पडलेले चकचकीत चित्रपुस्तक पायाने बाजूला सारावे, तसा तो विषय बाजूला सारला जातो. अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालून इमारतींवरून उड्या मारणारा अमेरिकन पुरुष हा पिढ्यान्‌पिढ्या ज्ञानेश्वरी आणि दासबोध वाचत आलेल्या घरांच्या चिंतनाचा विषय कसा व्हावा, असा प्रश्न त्या स्मितामागे असतो. प्रश्न वरवर रास्त आहे. परंतु ज्या मंडळींनी 'मृत्युंजय' वाचून कर्णासाठी अश्रू ढाळले, त्यांनीच हा प्रश्न विचारावा याचे मला नवल वाटते.

या लेखात मी दोन अमेरिकन चित्रकथांचा विचार करणार आहे. दोहोंचा सांगाडा एकच: एक महापराक्रमी वीर आहे, त्याचे शत्रू पडद्याआड आहेत, आणि ते त्याच्या देहावर घाव न घालता त्याचे मन उसवू पाहतात. माझे म्हणणे असे आहे की यांपैकी एक कथा खरे बोलते आणि दुसरी गोड खोटे बोलते. आणि आपण, म्हणजे आपली सुशिक्षित, सुस्थित, चार पिढ्या परप्रांतात ताठ मानेने राहिलेली मराठी घराणी, नित्यव्यवहारात त्या दुसऱ्या कथेवर विश्वास ठेवून चालतो. त्याची किंमत आपल्याच घरांतील माणसे मोजतात. म्हणून हा विषय पोरकट नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९३८ साली सुपरमॅन अवतरला तेव्हा वीराची कल्पना सोपी होती. त्याच्या छातीवरून गोळ्या घरंगळून पडत. त्याच्या दोन वर्षे आधी, १९३६ मध्ये, फँटम आला. तोच पुढे इंद्रजाल कॉमिक्समधून 'वेताळ' होऊन आपल्या घरांत शिरला. वेताळ मरत नाही, असा त्याच्या अरण्यातील लोकांचा समज. प्रत्यक्षात बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवीत असतो. या वीरांना मन नव्हते असे नाही, परंतु मनावर घाव घालता येतो हे त्यांच्या शत्रूंना सुचले नव्हते. १९५४ साली फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञाने अशा चित्रकथा मुले बिघडवतात असा ग्रंथ लिहिला. सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. पुढील काही दशके वीर नीटनेटके, आज्ञाधारक आणि अभेद्य राहिले. मुलांना अभेद्य वीर दाखवावा म्हणजे ती अभेद्य होतील, अशी ही समजूत. आपल्याकडील पालकांची समजूत काही वेगळी नाही.

ही समजूत ज्या कथांनी मोडली, त्यांत 'बॉर्न अगेन' अग्रभागी आहे. मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या 'डेअरडेव्हिल' मासिकाच्या २२७ ते २३३ या अंकांतून १९८६ साली ती क्रमशः आली. लेखन फ्रँक मिलर यांचे, चित्रे डेव्हिड माझुकेली यांची. डेअरडेव्हिल हे पात्र त्याआधी बावीस वर्षे, १९६४ मध्ये, स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी निर्माण केले होते. मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीतला आंधळा वकील. लहानपणी किरणोत्सारी द्रव्याच्या अपघातात त्याची दृष्टी गेली आणि उरलेली इंद्रिये विलक्षण तीक्ष्ण झाली. दिवसा तो न्यायालयात उभा राहतो, रात्री मुखवटा चढवून रस्त्यावर. समोरच्याच्या काळजाचे ठोके ऐकून तो खरे बोलतो की खोटे हे त्याला कळते.

अशा माणसाला फसवायचे कसे? किंगपिन या नावाने ओळखला जाणारा गुन्हेगारी जगताचा अधिपती विल्सन फिस्क याला हे रहस्य सापडते, तेही सहज. मॅटची पूर्वीची प्रेयसी कॅरन पेज अमली पदार्थांच्या आहारी जाऊन मेक्सिकोत रसातळाला पोचलेली असते. एका मात्रेसाठी ती त्याचे खरे नाव विकते. ते नाव हातोहात विकले जात किंगपिनपर्यंत येते. आता सामान्य खलनायक काय करील? मारेकरी पाठवील. किंगपिन तसे करीत नाही. तो कागद पाठवतो.

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला या कथेने जे धरून ठेवले, ते इथे. मॅटने घराच्या कर्जाचे हप्ते भरलेले असतात, पण बँकेच्या दफ्तरी ते पोचलेलेच नसतात. त्याची खाती गोठविली जातात. आयकर खाते चौकशी लावते. एक पोलीस अधिकारी शपथेवर सांगतो की या वकिलाने साक्षीदाराला खोटी साक्ष देण्यासाठी पैसे दिले. त्या अधिकाऱ्याचा मुलगा आजारी असतो आणि उपचाराच्या आमिषाने त्याला बांधलेले असते. मॅटचा मित्र आणि भागीदार फॉगी नेल्सन त्याला तुरुंगातून वाचवितो, पण वकिलीची सनद जाते. यांतील एकेक कागद सुटा पाहिला तर त्यात विशेष काही नाही. कोणत्याही कचेरीत अशा चुका होतात. मॅटलाही तसेच वाटते: दिवस वाईट आहेत, नशीब फिरले आहे. त्याच्या तीक्ष्ण कानांना कोणाच्याच काळजात खोटेपणाचा ठोका ऐकू येत नाही, कारण नोटिसा पाठविणारे बहुतेक कारकून प्रामाणिकपणे आपले कामच करीत असतात. ज्याचे खोटे पकडायचे तो माणूस या साऱ्या टेबलांच्या कितीतरी मागे, उंच इमारतीत बसलेला असतो.

मग किंगपिन एकच अतिरेक करतो. तो मॅटचे घर सुरुंगाने उडवून देतो. भग्नावशेषांत मॅटला आपला फाटका पोशाख सापडतो आणि त्याच क्षणी उमगते की हे नशीब नव्हे, हा शत्रू आहे. शत्रूने सही केली नसती तर तो कधीच ओळखू आला नसता. मिलर यांनी येथे मानवी मनाची एक मोठी गोष्ट जाणली आहे. संकटापेक्षा संकटाचा अर्थ न लागणे माणसाला अधिक लवकर झिजविते.

परंतु अर्थ लागला म्हणून मन लगेच सावरत नाही, हेही कथा लपवीत नाही. मॅट एका स्वस्त हॉटेलात पडून राहतो. त्याला सर्वत्र कट दिसू लागतो. ज्या फॉगीने त्याला वाचविले त्याच्याबद्दलही त्याला संशय येतो. भुयारी रेल्वेत तो गुंडांना बडवितो आणि त्याच तिरीमिरीत एका पोलिसावरही हात टाकतो. शेवटी किंगपिनसमोर जाऊन उभा राहतो आणि मार खातो. त्याला दारूने भिजवून एका टॅक्सीत कोंबले जाते आणि टॅक्सी नदीत ढकलली जाते. तो वाचतो, पण रस्त्यावर भोसकला जातो. गुप्त शत्रूचा खरा विजय कोणता, तर आपल्या मित्रावरचा आपला विश्वास त्याने आपल्याच हातून मोडविला, हा. घर आणि सनद ही त्यापुढे किरकोळ लूट होय.

या प्रकाराला आपल्या भाषेत फार जुना आणि नेमका शब्द आहे: तेजोवध. महाभारतातील मद्रराज शल्य हा नकुल-सहदेवांचा मामा. दुर्योधनाने वाटेत केलेल्या आदरातिथ्याला भुलून तो कौरवांच्या बाजूस वचनबद्ध होतो. तेव्हा युधिष्ठिर त्याला विनवितो की कर्णाचे सारथ्य करण्याची वेळ येईल तेव्हा त्याचे तेज हरण कर. पुढे शल्य सारथी होतो, पण अट घालून: मी मनास येईल ते बोलेन. आणि मग ऐन युद्धात, ज्याच्या हाती घोड्यांचे लगाम तोच कर्णाला हंस आणि कावळ्याची गोष्ट सांगून त्याची पायरी दाखवितो. त्याआधी इंद्राने ब्राह्मणवेषाने येऊन कवचकुंडले नेलेली. कुळाचे रहस्य नेमक्या युद्धाच्या तोंडावर कानी पडलेले. दोन शाप पाठीशी. अर्जुनाचा बाण सुटण्यापूर्वी कर्णाचे किती मरण होऊन गेले होते, हे आपण जाणतो. आणि कर्णाला 'कच्च्या मनाचा' म्हणण्याची आपल्यापैकी कोणाची छाती होत नाही. व्यासांनी तर एक गोष्ट आणखी केली आहे, ती आपण सोयीने विसरतो: तेजोवधाची विनंती करणारा पुरुष त्यांनी धर्मराजच ठेवला आहे. हे शस्त्र दुष्टांच्याच हाती असते असे समजू नका, असा तो इशारा आहे.

कोणी म्हणेल, पुराणे आणि चित्रकथा, दोन्ही कल्पनाच. तर मग इतिहास पाहू. पूर्व जर्मनीच्या राज्यसुरक्षा मंत्रालयाने, म्हणजे स्टासीने, जानेवारी १९७६ मध्ये एक निर्देश काढला. त्याचा क्रमांक १/७६. विरोधकांना उघडपणे तुरुंगात टाकले की जगात बोभाटा होतो, म्हणून त्यांना आतून विघटित करावे, असे त्याचे सार. उपाय नोंदले होते: खऱ्या गोष्टींत खोट्या पण पटण्याजोग्या गोष्टी मिसळून लौकिक डागाळणे, नोकरीत व समाजात ठरवून अपयश घडवून आणणे, मित्रमंडळींत परस्परांविषयी संशय पेरणे, निनावी पत्रे पाठविणे. या अधिकाऱ्यांना पॉट्सडॅमच्या विशेष महाविद्यालयात त्यासाठी मानसशास्त्र शिकविले जाई. किंगपिन दहा वर्षांनी जे करणार होता ते राज्ययंत्रणेने आधीच कलमवार लिहून ठेवले होते. आणि लोकशाही देशांनी नाक वर करण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने १९५६ ते १९७१ या काळात 'कोइन्टेलप्रो' या नावाने असाच उद्योग चालविला. नोव्हेंबर १९६४ मध्ये, नोबेल पारितोषिक स्वीकारण्याच्या तोंडावर, मार्टिन ल्यूथर किंग यांना या संस्थेने एक निनावी पत्र पाठविले. त्यांच्या खासगी आयुष्याची लाज काढून, आता तुमच्यापुढे एकच मार्ग उरला आहे, असे त्यात सुचविले होते. पत्राचा रोख आत्महत्येकडे आहे, असेच किंग यांनी ते घेतले. मार्च १९७१ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील मीडिया या गावच्या कचेरीतून काही नागरिकांनी कागद पळवून वृत्तपत्रांकडे पाठविले, तेव्हा हा उद्योग उजेडात आला.

आता घराजवळ येऊ. राज्य शासनाच्या सेवेत असताना मी एका सहकाऱ्याची अशीच झीज पाहिली. कार्यालय कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. हिशेबात चोख, बोलण्यात थोडा तिखट असा हा गृहस्थ. एका निविदेवर त्याने प्रतिकूल टिप्पणी लिहिली आणि पुढील महिन्यापासून निनावी अर्ज येऊ लागले. पहिला अर्ज प्रवासभत्त्याबद्दल, दुसरा घराच्या बांधकामाबद्दल, तिसरा चारित्र्याबद्दल. प्रत्येक अर्जाची आवक बारनिशीत नोंद, प्रत्येकावर 'अहवाल सादर करावा' असा शेरा, प्रत्येकासाठी स्वतंत्र नस्ती. चौकशी चार वर्षे चालली. पदोन्नती लिफाफ्यात बंद राहिली. अखेर त्याच्यावर काहीच सिद्ध झाले नाही. तसे पत्र दोन ओळींचे आले. परंतु तोवर तो कार्यालयातील चहा पिईनासा झाला होता, कारण त्यात काही मिसळले असेल अशी त्याला भीती वाटे. पत्नीने फोनवर कोणाशी काय बोलली हे तो तीन-तीनदा विचारी. घरच्यांनी ही गोष्ट झाकून ठेवली, कारण मुलीचे लग्न व्हायचे होते. आणि आपल्या समाजात निकाल काय लागला? 'मुळातच मनाने कच्चा. आमच्या वडिलांनी याहून कितीतरी सोसले.' अर्ज लिहिणाऱ्या हाताबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

येथेच ती दुसरी कथा आठवते. 'बॅटमॅन आर.आय.पी.' ही २००८ साली 'बॅटमॅन' मासिकाच्या ६७६ ते ६८१ या अंकांत आली. लेखक ग्रँट मॉरिसन, चित्रकार टोनी डॅनियल. मॉरिसन बुद्धिमान लेखक आहेत आणि त्यांनी कल्पिलेला शत्रूही भेदक आहे. 'ब्लॅक ग्लव्ह' ही अतिश्रीमंतांची गुप्त टोळी. माणसे उद्ध्वस्त कशी होतात यावर पैजा लावणे हा त्यांचा विरंगुळा. त्यांचा म्होरक्या सायमन हर्ट याने फार पूर्वी एका प्रयोगाच्या निमित्ताने बॅटमॅनच्या मनात एक निरर्थक शब्द पेरून ठेवलेला असतो: झुर-एन-आर. तो शब्द कानी पडताच मन कोसळावे अशी योजना. ब्रूस वेनची प्रेयसी जेझेबेल जेट हीच टोळीची हस्तक निघते. बॅटमॅनला अमली द्रव्ये टोचून, स्मृती हिरावून, त्याच्याच शहरात भिकाऱ्यासारखे सोडून दिले जाते. इथपर्यंत कथा थरारक आहे, आणि फसवणुकीचे गणित अचूक आहे.

परंतु मग मॉरिसन आपल्या वीराला वाचविण्यासाठी काय करतात? बॅटमॅनने म्हणे असा हल्ला कधीतरी होईल हे आधीच ओळखून मनाच्या तळाशी एक राखीव व्यक्तिमत्त्व तयार ठेवलेले असते. मूळ मन कोसळताच हे जोडमन भडक रंगांचा पोशाख चढवून उभे राहते आणि लढते. प्रेयसीवरही त्याला पहिल्यापासून संशय होताच. म्हणजे तो तुटलाच नाही. जे तुटल्यासारखे दिसले तो नियोजनाचा भाग होता. करमणूक म्हणून हे झकास आहे, हे मी अमान्य करीत नाही. माझा आक्षेप त्यातून निघणाऱ्या शिकवणुकीवर आहे. शहाण्या माणसाने मन कोसळण्याचीही पूर्वतयारी करून ठेवावी, आणि प्रेम करतानाही संशय जागा ठेवावा, असे ही कथा सांगते. याचा व्यत्यास लगेच निघतो: जो खरोखर कोसळला त्याने तयारी केली नव्हती, तो विश्वासून राहिला हीच त्याची चूक. आपल्या त्या सहकाऱ्याबद्दल समाजाने दिलेला निकाल यापेक्षा वेगळा होता काय?

मॅट मर्डॉकजवळ असे राखीव मन नाही. तो खरोखर तुटतो. त्याला कोणी सावरले? एका ख्रिस्ती सेवाश्रमातील मॅगी नावाच्या जोगिणीने. ती त्याची, लहानपणीच दुरावलेली, आई आहे असे कथा सुचविते. ती त्याला उपदेश करीत नाही. त्याच्या अंथरुणाशी बसून शुश्रूषा करते. आणि ज्या कॅरनने नाव विकले, ती जीव मुठीत धरून परत येते तेव्हा मॅट तिला जवळ घेतो. तिकडे बेन युरिक हा वार्ताहर भीतीने आधी गप्प बसतो; त्याची बोटे मोडली गेलेली असतात. पण अखेर तो स्वतःच्या नावानिशी लिहितो. निनावी शत्रूला उत्तर म्हणून कथेने तीनच गोष्टी ठेवल्या आहेत: शुश्रूषा, क्षमा आणि सही केलेला शब्द. कथेच्या शेवटी मॅटला पूर्वीचे वैभव मिळत नाही. तो आणि कॅरन त्याच जुन्या वस्तीच्या रस्त्यावरून साधेपणाने चालताना दिसतात. हा शेवट मला फार मोठा वाटतो.

या विवेचनावर दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला असा की तुटणारे वीर दाखविले तर तरुणांपुढे आदर्श कोणता राहणार. समर्थांनी मन बळकट करायला सांगितले नाही काय? समर्थांचा दाखला देणाऱ्यांनी मनाचे श्लोक पुन्हा एकदा सावकाश वाचावेत. समर्थांनी मनाला सज्जन म्हणून हाक मारली आहे आणि दोनशेहून अधिक श्लोक त्याची समजूत घालण्यात खर्चिले आहेत. ज्या मनाला एका दमात 'घट्ट हो' म्हणून भागते, त्यासाठी इतके श्लोक लागत नाहीत. मन हळवे आहे, ते पुन्हा पुन्हा बिथरते, हे गृहीत धरूनच तो ग्रंथ उभा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गुप्त शत्रूंच्या कथा वाचून माणूस सर्वत्र कट पाहू लागेल. आपल्या प्रत्येक अपयशाचे खापर अदृश्य हातावर फोडील. हा धोका खरा आहे, आणि आजच्या काळात तर घरोघरी त्याची उदाहरणे दिसतात. परंतु त्यावर उतारा कोणता? शत्रू नसतोच असे म्हणणे हा उतारा नव्हे, कारण तो कधी कधी असतो. उतारा पुराव्याचा आहे. पूर्व जर्मनी लयाला गेल्यावर १९९१ मध्ये कायदा करून स्टासीचे दफ्तर खुले करण्यात आले, आणि १९९२ पासून नागरिक स्वतःची नस्ती स्वतः वाचू लागले. व्हेरा लेंग्सफेल्ड या कार्यकर्तीला तेव्हा कळले की आपल्यावर नजर ठेवणारा खबऱ्या आपला पतीच होता. हे वाचणे सुखाचे नव्हते. परंतु वर्षानुवर्षे ज्यांना 'तुला भास होतात' असे सांगितले गेले त्यांना आपण भ्रमिष्ट नव्हतो हे कागदावर दिसले. आणि ज्यांचा संशय चुकीचा होता, त्यांनाही आपला मित्र निर्दोष होता हे कळले. दोघांनाही बरे करणारे औषध एकच, ते म्हणजे उघडलेले दफ्तर. संशयाला मोकाट सोडणे किंवा त्याची टिंगल करणे, या दोन्हींपेक्षा ते कठीण आहे, म्हणून ते क्वचित दिले जाते.

शासनालाही हे उमगले नव्हते असे नाही. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ साली निनावी व टोपणनावी तक्रारींवर कारवाई करू नये असे निर्देश दिले. पुढे त्यांत बदल होत गेले, परंतु तत्त्व मान्य झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या आजाराला विम्याच्या बाबतीत देहाच्या आजाराच्या बरोबरीचे स्थान दिले. कायदा जेथवर पोचला आहे तेथवर आपली दिवाणखान्यातली भाषा अजून पोचलेली नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आणि आदर्शच हवा असेल तर परंपरेत तो अमेरिकेहून सातशे वर्षे जुना आहे. ज्ञानदेवांच्या सामर्थ्याच्या कथा आपण बालपणापासून ऐकल्या: रेड्यामुखी वेद, चालणारी भिंत. याहून मोठा 'सुपरहिरो' कोणता? त्याच ज्ञानदेवांबद्दल परंपरा असेही सांगते की लोकांनी केलेल्या अवहेलनेने व्यथित होऊन एकदा ते ताटी लावून आत बसले. भिंत चालविणाऱ्याला दार उघडवेना. तेव्हा वयाने लहान असलेली मुक्ताबाई दाराशी उभी राहिली आणि विनवीत राहिली. तेच ताटीचे अभंग. तिने 'तू एवढा योगी, आणि असा कसा खचलास' म्हणून त्याला लाजविले नाही. दादाने आतून स्वतःचे राखीव मन बाहेर काढावे म्हणून ती वाट पाहत बसली नाही. वारकरी परंपरेने हा प्रसंग लपविण्याजोगा मानला नाही. त्याचे अभंग केले आणि गायले. आपण मात्र घरातल्या खचलेल्या माणसाला मागच्या खोलीत ठेवतो, आणि पाहुण्यांना सांगतो की त्यांना जरा सर्दी झाली आहे.

माझ्या त्या सहकाऱ्याकडे त्या वाईट काळात एक निवृत्त दफ्तरी रोज संध्याकाळी येऊन बसत असे. शिक्षण बेताचे, मानसशास्त्राचा गंध नाही. येताना स्वतःच्या घरून चहाची किटली आणी. आधी स्वतः पिई, मग कप पुढे करी. काही महिन्यांनी त्या गृहस्थाने कप घेतला. चौकशीत तो निर्दोष ठरल्याचे पत्र त्यानंतर पुष्कळ काळाने आले. त्याला पुन्हा माणसांत आणण्याचे श्रेय त्या पत्राला देता येणार नाही.

म्हणून या पत्रिकेच्या वाचकांपुढे माझी मागणी स्पष्ट आहे. आपल्या मंडळांच्या निवडणुकांपूर्वी पोस्टाने येणारी सहीविना पत्रके आपण चवीने वाचतो आणि दुसऱ्याला वाचून दाखवितो. ती यापुढे न वाचता फाडावीत, मजकूर आपल्या विरोधकाबद्दल असला तरीही, किंबहुना तेव्हा तर नक्कीच. ज्याला आक्षेप घ्यायचा असेल त्याने सभेत उभे राहून नावानिशी घ्यावा. आपल्यातला कोणी खचला तर त्याच्या मनाचा कच्चेपणा मोजण्यापूर्वी त्याच्यावर काय आणि कोणी लादले हे विचारावे. आणि 'मनाने कच्चा' हा शब्दप्रयोग आपल्या बैठकींतून हद्दपार करावा, कारण तो शल्याचा शब्द आहे. तो बोलणारा बहुधा लगाम हाती धरून आपल्याच रथावर बसलेला असतो, आणि आपण हितच सांगत आहोत अशी त्याची खात्री असते.

नातवंडांच्या खोलीतले ते चित्रपुस्तक मंडळींनी एकदा उचलून वाचावे. त्यातला वीर उड्या मारतो ती पाने हवी तर उलटून टाकावीत. तो जिथे अंथरुणावर पडून आहे आणि कोणीतरी त्याच्या उशाशी बसले आहे, तिथे थांबावे.